लक्ष ठेवणं आणि लक्ष देणं

नर्सरीच्या अ‍ॅपवर फोटो आला की खिशातला फोन थरथरतो. ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी असाच थरथरला तेव्हा मी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकापाशी बसलो होतो. हातमोजे काढून पाहिलं, तर चार फोटो होते. नर्सरीच्या मागच्या अंगणात मुलांसाठी एक 'मड किचन' आहे. जुन्या फळ्यांचा ओटा, त्यावर मोडीत निघालेली पातेली, डाव, झाकणं आणि खाली हवी तेवढी माती. आमचे अडीच वर्षांचे चिरंजीव पावसाळी विजार घालून तिथे उभे होते. फोटोंखाली इंग्रजीत टिपण होतं, त्याचा मथितार्थ असा: आज तो बराच वेळ चिखलात रमला होता. चिखलाचा गोळा दोन्ही हातांनी थापटत होता. त्यावर पाणी लावून स्पर्शाचा अनुभव घेत होता. बोलला नाही. इतर मुलं जवळ आली तेव्हा बाजूला सरकला.

मी फोटो पुन्हा पाहिले. पहिल्यात चिखलाचा गोळा दोन तळव्यांमध्ये होता. दुसऱ्यात तो या हातावरून त्या हातावर जात चपटा झाला होता. तिसऱ्यात तो पालथ्या झाकणावर टाकलेला होता आणि ओल्या तळव्याने त्यावरून हलकेच पाणी फिरवणं चाललं होतं. चौथ्यात त्याने बोटांच्या टोकांनी एक कड उचलली होती आणि ओठांचा चंबू केला होता. भाजू नये म्हणून तो बोटांवर फुंकर घालत होता.

पोरगं भाकरी करत होतं.

आणि ती माझ्या आईची भाकरी होती. आई मार्च ते ऑगस्ट आमच्याकडे ईलिंगला होती. व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला सहा महिने राहता येतं, त्यातले साडेपाच तिने घेतले. दर आठवड्याला २०७ नंबरच्या बसने साउथॉलला जाऊन ती ज्वारीचं पीठ आणायची आणि रोज संध्याकाळी आमच्या टीचभर स्वयंपाकघरात भाकऱ्या करायची. परात नव्हती, म्हणून हातावरच थापायची. नातू शेजारी स्टुलावर उभा राहून बघायचा. त्याने कधी पिठाला हात लावल्याचं मला आठवत नाही. तो नुसता बघायचा, असं आम्हाला वाटायचं.

ज्या बाईंनी ते टिपण लिहिलं त्यांनी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. थापटणं, पाणी लावणं, न बोलणं, सगळं खरं होतं. त्यांनी फक्त कधी भाकरी होताना पाहिली नव्हती.

त्या चार फोटोंनी मला एवढं का हलवलं, ते सांगायला दोन आठवडे मागे जावं लागेल.

इंग्लंडमध्ये मूल दोन आणि तीन वर्षांच्या मध्ये असताना नर्सरीने त्याच्या प्रगतीचा आढावा घेऊन आईवडिलांना लेखी द्यायचा असतो. त्यात मुख्यतः तीन गोष्टी पाहतात: इतरांबरोबरचं वागणं आणि भावना, शारीरिक वाढ, आणि संवाद व भाषा. नर्सरी सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. पहिल्या दोन रकान्यांत सगळं ठीक होतं. तिसऱ्यात 'अपेक्षेपेक्षा मागे' असं होतं. महिनाभरात नर्सरीत ऐकू आलेले शब्द एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे.

घरी हाच मुलगा 'बाबा पाणी दे', 'आजी कुठे गेली', 'ती माझी चप्पल आहे' असं अखंड बोलत होता. हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण कागदावर आपल्या मुलाच्या नावापुढे 'मागे' हा शब्द दिसला की माणसाचं काय होतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. आयुष्यभर परीक्षांच्या जोरावर इथवर आलेल्या माणसाचं तर विचारूच नका. बार्शीच्या शाळेपासून पीएच.डी.पर्यंत मी कुठल्याही रकान्यात मागे नव्हतो. मी मान डोलावली, सही केली आणि घरी येऊन बायकोला म्हणालो, "उद्यापासून घरात इंग्रजी."

बायको कचरली, पण तिलाही भीती वाटलीच होती. मग आमची संध्याकाळची शिकवणी सुरू झाली. तो गाड्या रांगेत लावायला बसला की मी शेजारी फतकल मारायचो. व्हॉट कलर इज धिस? हाउ मेनी कार्स? से 'रेड कार'. तो माझ्याकडे बघायचा, गाडी माझ्या हातात द्यायचा आणि उठून जायचा. आठवडाभरात त्याने गाड्या काढणंच सोडलं. व्हिडिओ कॉलवर आई विचारायची, "काय करायलाय माझा वाघ?" आणि वाघ 'हॅलो' म्हणून पसार व्हायचा. आईने एकदाच विचारलं, "घरात बी इंग्रजीच बोलायलाव का रे आता?" मी म्हटलं, थोडे दिवस. ती पुढे काही बोलली नाही. इंग्रजी तर आलं नाहीच, पण घरातला आवाजही कमी झाला.

या अशा दिवसांत ते चार फोटो आले होते.

त्या संध्याकाळी मुलाला आणायला गेलो तेव्हा मी त्याच्या की-पर्सनला थांबवलं. इथे नर्सरीतल्या प्रत्येक मुलासाठी एक ठरलेली व्यक्ती असते, तिला की-पर्सन म्हणतात. या बाई माझ्या आईहून थोड्या लहान, या कामात वीसेक वर्षं घालवलेल्या. मी माझ्या फोनवरचा एक जुना व्हिडिओ त्यांना दाखवला. त्यात आई भाकरी थापते आहे, तव्यावर टाकते आहे, पाणी फिरवते आहे, उलटते आहे, आणि शेवटी विस्तवावर ती टम्म फुगते आहे. बाईंनी तो दोनदा पाहिला. मग त्या स्वतःचं टिपण उघडून वाचत राहिल्या. म्हणाल्या, मी त्याच्याकडे पंधरा मिनिटं बघत होते आणि मला फक्त चिखल दिसला.

मग त्यांनी मला प्रश्न विचारले. याला तुम्ही काय म्हणता? तो घरी बोलतो का? कुठल्या भाषेत? किती शब्दांची वाक्यं? मी सगळं सांगितलं आणि, जरा अभिमानाने, हेही सांगितलं की आता आम्ही घरी फक्त इंग्रजी बोलतो. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. कृपा करून तसं करू नका, असं त्या तीन वेगवेगळ्या प्रकारे म्हणाल्या.

तेव्हा मला समजलं की इथल्या नियमांतच हे लिहिलेलं आहे. इंग्लंडमध्ये जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २००८पासून एक कायदेशीर चौकट आहे. 'अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज' हे तिचं नाव. घरची भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांना त्यांची भाषा खेळात आणि शिकण्यात वापरायची संधी मिळावी यासाठी नर्सरीने वाजवी प्रयत्न केलेच पाहिजेत, असं ती चौकट सांगते. आणि मुलाचं इंग्रजी अजून पक्कं नसेल, तर भाषेत ते मागे आहे असं ठरवण्याआधी त्याला घरच्या भाषेत काय येतं, ते आईवडिलांबरोबर बसून पाहिलं पाहिजे. आमच्या बाबतीत ही पायरी राहून गेली होती. ती राहायला मीही तेवढाच कारण होतो. मला विचारलं नव्हतं हे खरं, पण मीही तोंड उघडलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी काय केलं, ते मी कुंपणाच्या फटीतून पाहिलं. मुलाला न्यायला मुद्दाम वीस मिनिटं लवकर जायचो.

त्या मड किचनपाशी त्याच्या समोर न बसता थोड्या बाजूला बसल्या. काही बोलल्या नाहीत. बराच वेळ त्याच्या हातांकडे बघितलं आणि मग स्वतः चिखलाचा एक गोळा घेऊन थापू लागल्या. त्यांना काही ते जमेना, गोळा फाटत होता. चिरंजीवांनी एकदा तिरक्या नजरेने पाहिलं. दोन-तीन मिनिटांनी उठून त्यांच्यापाशी गेले, फाटका गोळा काढून घेतला, त्यात थोडी माती मिसळली, पुन्हा मळला आणि परत दिला. शब्द एकही नाही. पण हे शिकवणंच होतं, आणि शिकवत तो होता. तिसऱ्या दिवशी बाईंनी झाकणावर भाकरी टाकली आणि पाणी न लावता तशीच सोडली. आता ही चूक त्यांनी मुद्दाम केली की सहज झाली, ते त्यांनाच ठाऊक. तिकडून आवाज आला, "पाणी!" मराठीत, खणखणीत. बाईंनी तोच शब्द त्याच्यासारखाच म्हणून दाखवला आणि पाण्याचा मग पुढे केला. नंतर शांतपणे त्यालाच जोडून 'वॉटर' म्हणाल्या. परीक्षा नाही, 'आता तू म्हण' नाही.

मी कुंपणामागे उभा होतो. डोळ्यांत पाणी आलं होतं म्हटलं तर जरा नाटकी वाटेल, पण आलं होतं.

संशोधकाला एखादी गोष्ट कळली नाही की तो वाचायला बसतो. मीही बसलो, आणि वाचता वाचता सुझन आयझॅक्सपाशी पोचलो. या बाईंनी १९२४ ते १९२७ या काळात केंब्रिजमध्ये माल्टिंग हाउस नावाची एक लहानशी प्रयोगशील शाळा चालवली. तिथे मुलांना मोकळं सोडायचं आणि ती काय करतात, काय बोलतात, ते जसंच्या तसं टिपून ठेवायचं, अशी पद्धत होती. त्या टिपणांवर आधारलेली त्यांची पुस्तकं १९३० आणि १९३३मध्ये आली. १९३३मध्येच त्या लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमध्ये बालविकास विभागाच्या प्रमुख झाल्या.

त्यांच्या टिपणांतला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. शाळेतला ससा मेला. एक मुलगा म्हणाला, त्याचं पोट आता वरखाली होत नाही. दुसरा म्हणाला, माझे वडील म्हणतात की पाण्यात ठेवलं तर तो पुन्हा जिवंत होईल. आपण काय केलं असतं? 'नाही रे बाळा, मेलेलं परत येत नाही' असं सांगून हात धुवायला पाठवलं असतं. आयझॅक्स बाई म्हणाल्या, करून बघायचं का? मुलांनी सशाला पाण्यात ठेवलं. वाट पाहिली. मग पुरलं. नंतर त्यांना प्रश्न पडला की ससा अजून तिथेच आहे की आकाशात गेला, म्हणून खणूनही पाहिलं. तिथेच होता. त्या मुलांना मरणाबद्दल जे कळलं ते कुणी सांगून कळण्यातलं नव्हतं. मोठ्या माणसाने दोनच गोष्टी केल्या होत्या: प्रश्न ऐकला होता, आणि उत्तर देण्याची घाई केली नव्हती.

पुढे १९९७पासून इंग्लंडमध्ये तीन हजारांहून अधिक मुलांचा कित्येक वर्षं पाठपुरावा करणारा एक मोठा अभ्यास झाला. 'ईपीपीई' या नावाने तो ओळखला जातो. ज्या बालशाळांचा मुलांना खरा उपयोग झाला, तिथे मोठं माणूस आणि मूल मिळून एखाद्या गोष्टीवर बराच वेळ विचार करत राहतात, असं त्यात दिसलं. दुसराही एक निष्कर्ष होता, तो मी लिहून फ्रिजवर लावला आहे: आईवडील कोण आहेत यापेक्षा ते घरी मुलाबरोबर काय करतात, हे जास्त महत्त्वाचं.

माझं काम जिवंत पेशींचं चित्रण करण्याचं आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी ठेवायच्या, त्यांच्यावर प्रकाश टाकायचा आणि काही मिनिटांच्या अंतराने रात्रभर फोटो घ्यायचे. या कामात नवख्या विद्यार्थ्याला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावतो. फोटो छान यावा म्हणून प्रकाश वाढवू नकोस. जास्त प्रकाशाने पेशी आक्रसतात, नेहमीचं वागणं सोडतात, मरतात. मग तुला दिसतं ते पेशीचं काम नसतं, तुझ्या दिव्याने केलेला घोटाळा असतो. हे वाक्य मी वर्षानुवर्षं पोपटासारखं म्हणत आलो होतो आणि घरी जाऊन स्वतःच्या मुलावर रोज संध्याकाळी प्रश्नांचा प्रखर झोत टाकत होतो.

मग ठरवलं, रोज दहा मिनिटं नुसतं बघायचं. फोन दुसऱ्या खोलीत. तोंड बंद. एक वही.

पहिल्या दिवशी मी दोन मिनिटांत 'अरे, ते तिथे नाही बसणार' असं बोलून गेलो. दुसऱ्या दिवशी 'शाबास' म्हणालो आणि पाहिलं तर तेही नडलं. त्याने हातातलं काम सोडून आणखी एका शाबासकीसाठी माझ्याकडे बघायला सुरुवात केली. चौथ्या-पाचव्या दिवशी कुठे मला गप्प बसता आलं, आणि मग दिसायला लागलं. आमच्या घरात महिनाभर किल्ल्या बुटांत, चमचे मोज्यांत आणि एकदा माझं बँकेचं कार्ड उशीच्या अभ्र्यात सापडत होतं. त्याला आम्ही खोडी म्हणत होतो. वहीत सगळं एकाखाली एक लिहिल्यावर लक्षात आलं की हा प्रत्येक गोष्ट कशाच्या तरी आत घालून पाहतोय. लंडनमधल्या फ्रोबेल इन्स्टिट्यूटच्या क्रिस अथी यांनी सत्तरच्या दशकात नेमकं हेच अभ्यासलं होतं. लहान मुलं एकच कृती वेगवेगळ्या वस्तूंवर पुन्हा पुन्हा करून एखादी कल्पना पक्की करतात. कुणी गोष्टी झाकतं, कुणी फिरवतं, कुणी इथून तिथे वाहून नेतं. आपल्याला पसारा दिसतो, पण त्या पसाऱ्याला एक सूत्र असतं.

ते कळल्यावर मला काय करायचं तेही कळलं. रस्त्यावर पडलेले कॉन्कर, म्हणजे ते तपकिरी चकचकीत चेस्टनट, पिशवीभर आणले आणि वेगवेगळ्या मापांचे डबे, जुने मोजे आणि एक निमुळत्या तोंडाची बरणी त्याच्याजवळ ठेवून दिली. मोठा कॉन्कर बरणीत जाईना. तो म्हणाला, "बरणीचं तोंड बारीक हाय." हे 'हाय' माझ्या आईचं होतं, आणि 'बारीक' हे तर मापच झालं. रंग ओळखण्याच्या माझ्या सगळ्या शिकवणीतून हे वाक्य निघालं नसतं. घरातली मराठी परत आली होती.

हे सगळं मी आईला फोनवर रंगवून सांगितलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "एवढं शिकून तुला आता कळायलंय व्हय?"

माझी आई बार्शी तालुक्यात तीसेक वर्षं अंगणवाडी सेविका होती. मी लहानपणी त्या अंगणवाडीतच वाढलो, त्यामुळे मला वाटायचं की मला सगळं माहीत आहे. एक खोली, तीसेक पोरं, आई आणि एक मदतनीस बाई, वजनकाटा, खिचडीचं पातेलं आणि रजिस्टरं. १९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. तिच्या सहा कामांमध्ये पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी वगैरेंबरोबर शाळेआधीचं शिक्षणही होतं. "पण कुणी तपासायला आलं की वजनं विचारायचं," आई म्हणाली. "पोरं काय खेळली, हे तीस वर्षांत कुणी विचारलं नाही. रजिस्टरं भरण्यात दिवस जायचा. पोर बघायला वेळ चोरावा लागायचा."

मग तिने मला प्रशिक्षणात ऐकलेल्या ताराबाई मोडकांबद्दल सांगितलं. मला ते नाव शाळेतल्या सामान्यज्ञानापुरतं माहीत होतं. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं. १९२६ साली स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघामागे हे दोघे होते. माँटेसोरीचं शास्त्र त्यांनी तिथे आत्मसात केलं. पण १९४५मध्ये ठाणे जिल्ह्यात बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढली, तेव्हा दोन अडचणी उभ्या राहिल्या. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणारी नव्हती, आणि गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येतच नव्हती. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी मग शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं केली, आणि मुलं येत नाहीत तर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला आहे. १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेलं. तिथे मुलं दिवसभर गुरं राखायची, म्हणून कुरणावरच शाळा भरवली, तिचं नाव कुरणशाळा.

मी हे ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर चिखल थापणाऱ्या त्या इंग्रज बाई येत होत्या. मूल जिथे आहे तिथे जायचं, त्याच्या हातात जे आहे तेच हातात घ्यायचं. बोर्डीत शिंपले होते, ईलिंगमध्ये चिखल आहे.

"आपल्याकडं दोन शब्द हायती," आई म्हणाली. "लक्ष ठेवणं आन् लक्ष देणं. ठेवायला कुणीबी ठेवतंय. पोर पडू नये, भांडू नये, रांगेत बसावं. लक्ष द्यायचं म्हटलं की आपलं काम बाजूला ठेवावं लागतंय." माझ्या वहीतल्या सगळ्या नोंदींपेक्षा हे जास्त नेमकं होतं.

हे वाचून कुणाला वाटेल की खेळू द्या, सगळं आपोआप होतं. तसं मला म्हणायचं नाही. आमच्या घरात यावरून वाद झाले आहेत आणि अजून होतात. बायकोचं म्हणणं असं की तुला यात कविता दिसते, पण उद्या रिसेप्शनच्या वर्गात इंग्रजी अक्षरांचे ध्वनी सुरू होतील तेव्हा बरोबरची मुलं पुढे असतील, आणि आडनाव वेगळं असलेल्या मुलाला मागे राहणं परवडत नाही. यातलं शेवटचं वाक्य मला खोडता येत नाही. मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात 'अजून ए-बी-सी म्हणत नाही?' असं विचारणारे भेटतात, तेव्हा माझ्याही पोटात गोळा येतो.

दुसरं असं की दोन भाषांमुळे मूल बोलायला मागे पडत नाही, हे खरं असलं तरी 'दोन भाषा आहेत म्हणून असेल' असं म्हणून खरी अडचण नजरेआड करणंही बरं नाही. म्हणून आम्ही त्याची श्रवणचाचणी करून घेतली. कान उत्तम होते. नर्सरीने आढावा पुन्हा घेतला, या वेळी आम्ही दोघं समोर बसलो होतो आणि मराठी वाक्यांची यादी मी टाइप करून नेली होती. भाषेच्या रकान्यात 'मागे'ऐवजी 'घरच्या भाषेत वयानुरूप, इंग्रजी आकार घेत आहे' असं आलं. त्याचं इंग्रजी त्यानंतरही आपल्याच चालीने आलं. पुढची होळी येईपर्यंत तो तिथे फारसा बोलत नव्हता. नंतर एकदम वाक्यंच सुरू झाली.

आणि नर्सरीतल्या माणसांवर सगळं ढकलणंही योग्य नाही. दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक मोठं माणूस, हे इथलं सध्याचं कायदेशीर प्रमाण आहे. त्यात लंगोट बदलणं, नाकं पुसणं, कुणाची अ‍ॅलर्जी सांभाळणं. २०२१मध्ये नियम बदलून लिखापढी कमी केली, तेव्हा आमच्या बाईंना हायसं वाटलं होतं. लिहायला लागू नये म्हणून नाही, बघायला वेळ मिळतो म्हणून. आईने हे ऐकून लगेच विचारलं, "त्यांस्नी मानधन पुरतंय का?" मी म्हटलं, तिथेही फारसं नाही. "मंग जगभर एकच कथा की," ती म्हणाली.

आता तो पावणेचार वर्षांचा आहे. येत्या १५ जानेवारीच्या आत शाळेचा अर्ज भरायचा आहे, सप्टेंबरात तो रिसेप्शनला जाईल. वहीची सवय मोडली आहे, पण दहा मिनिटांची अजून टिकली आहे. सगळे दिवस जमत नाही. ज्या दिवशी जमतं, त्या दिवशी मला एखादी तरी अशी गोष्ट दिसते जिचं नाव मला माहीत नसतं.

मागच्या आठवड्यात अ‍ॅपवर पुन्हा फोटो आला. मड किचनच होतं, पण या वेळी तिघं होते. एक सोमाली मुलगी, एक पोलिश मुलगा आणि मध्ये आमचा. तिघांच्याही हातांत चपटे गोळे होते. मुलगी आपला गोळा झाकणावर टाकत होती आणि आमचा तिच्या मनगटाला धरून काहीतरी सांगत होता. बाईंनी हौसेने आमचा शब्द लिहिला होता, इंग्रजी अक्षरांत, आणि त्यात एक अक्षर गाळलं होतं. त्यामुळे टिपणाचा अर्थ असा होत होता की आज तुमच्या मुलाने दोन मित्रांना बकरी करायला शिकवलं, आणि शेवटी तिघांनी मिळून सहा बकऱ्या केल्या.

मी ते आईला पाठवलं. तिचा हसण्याचा आवाज फोनमधून लॅबभर ऐकू गेला. हसून झाल्यावर तिने फोटो मोठा करून पाहिला असावा, कारण थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोरीनं पाणी जास्त लावलंय. चिकटंल तव्याला."

बाईंचं स्पेलिंग मी अजून दुरुस्त केलेलं नाही.